अर्धी रेघ

कर्सर थांबला.

उज्वलाला आधी वाटलं, लाईन असेल. दुपारी या वेळेला लाईन अशीच अडखळते. गंगापूर रोडवरच्या घरी बसून डॉक्टर मुळे तिकडे माउस हलवतात, आणि इकडे, द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीतल्या या सीटी स्कॅन सेंटरमध्ये, तिच्या समोरच्या पडद्यावर तो पांढरा बाण उशिरानं, तुटक तुटक सरकतो. लाईन अडली की मधेच खिळतो आणि मग एकदम भलतीकडेच उगवतो. हे ती रोज बघत आली होती. पण आत्ताचं थांबणं तसलं नव्हतं. बाण एका जागी होता आणि किंचित थरथरत होता, केसभर इकडे, केसभर तिकडे. तिकडे माउसवर हात आहे, हात उचललेला नाही आणि माणूस निरखून बघतोय, तेव्हाच तो असा थरथरतो. उज्वलाचे स्वतःचे हात मांडीवर होते. ते तिनं एकमेकांत अडकवून ठेवले. सर बघत असताना इकडच्या माउसला हात लावायचा नाही, असा सेंटरचा नियम होता. पडद्याच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव होतं, रावजी शेजवळ. पुरुष, छाती. ते तिचे वडील होते, अण्णा, आणि या घटकेला बाहेरच्या बाकावर बसून रिसेप्शनच्या पल्लवीशी गप्पा मारत होते. दार बंद असूनही त्यांचं हसणं आत येत होतं, आणि हसण्याच्या शेवटी तो खोकला.

हा कॉम्प्युटर मशीनबरोबरच आलेला. त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. सकाळी सुरू करताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर पळत जायच्या, आणि सुरुवातीचे काही महिने त्या बघताना उज्वलाला आपल्या हातून काही बिघडलंय असंच वाटायचं. सर शहरातल्या आणखी दोन सेंटर्सचे स्कॅन वाचत. धावपळ होईना, तेव्हा त्यांनी राजू नावाच्या एका मुलाला बोलावलं. त्यानं दिवसभर बसून काहीबाही टाइप केलं, सरांच्या घरी फोन करकरून बघितलं, आणि संध्याकाळी तिला समजावलं, "मॅडम, आता सरांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक चौकोन उघडेल आणि त्या चौकोनात हा तुमचा अख्खा डेस्कटॉप दिसेल. पडदा एकच, बघणारे दोन. माउस पण एकच समजा, हात दोन." ब्रॉडबँड तेव्हा नवीन होतं. पहिल्यांदा सर आत आले तेव्हा तिनं खुर्ची मागे सरकवली होती. माउस तिच्यासमोर पॅडवर निपचित पडलेला आणि पडद्यावर बाण आपला आपण चालतोय, फाईल उघडतोय, एकेक फोटो खाली ढकलतोय. नंतर सवय झाली, आणि सवयीतून एक वेगळीच ओळख. सर कधी चहा पिऊन बसलेत, कधी घरात कुणाशी तरी वाजलंय, कधी कंटाळलेत, हे तिला बाणावरून कळू लागलं. छाती स्वच्छ असेल तर तो वरून खाली पाण्यासारखा वाहत येतो. काही सापडलं की थांबतो. मग परत वर जातो, आणि पुन्हा हळूहळू खाली, त्याच जागी. रिपोर्ट टाइप व्हायच्या आधीच तिला कळलेलं असायचं, आणि कळलं याचं तिला मनातल्या मनात थोडं बरंही वाटायचं. दुसऱ्याची छाती असायची ती.

बाण वर गेला.

नको, तिच्या मनात आलं. पुढे जा. खाली जा.

बाण पुन्हा हळूहळू खाली आला आणि त्याच जागी थांबला.

सकाळी अण्णा ओझरहून एसटीनं आले होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, कानावरून मफलर. खोकला दिवाळीपासूनचा. ओझरच्या डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं, मग एक्स-रे काढला, आणि एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाले, सावली वाटते, एकदा सीटी करून घेऊ. सावली हा शब्द अण्णांना आवडला होता. बसमधून उतरल्यापासून त्यांनी तो दोनदा वापरला. "माझ्या सावलीचा फोटो काढायचा म्हणते ही," असं त्यांनी पल्लवीला आल्या आल्या सांगितलं. तिनं त्यांना बिस्किटं दिली, पण तिलाही उज्वलानं बजावून ठेवलं होतं की सरांना यातलं काही बोलायचं नाही. उज्वलाचं सासरचं आडनाव निरगुडे. शेजवळ नावावरून सरांच्या काही लक्षात येणार नव्हतं. मागे पल्लवीच्या काकांचा स्कॅन झाला तेव्हा सर मुद्दाम स्वतः आले होते, काकांच्या खांद्यावर हात ठेवून गोड बोलले होते, आणि रिपोर्टमधले शब्दसुद्धा कसे गुळगुळीत करून लिहिले होते. उज्वलाला ते नको होतं. अण्णांची छाती त्यांनी कुणाचीही छाती बघावी तशी बघावी, रोखठोक. निदान सकाळी तिला असं वाटत होतं. आणखीही एक होतं, जे तिनं स्वतःशीसुद्धा नीट उच्चारलं नव्हतं. एकदा 'सर, माझे वडील' असं म्हटलं की ती गोष्ट खरी सुरू होणार. न म्हटल्यानं ती कुठंतरी रोखून धरल्यासारखी राहील.

अण्णांना टेबलावर झोपवून ती काचेच्या अलीकडे आली होती आणि माईकवर नेहमीचं बोलली होती, "श्वास घ्या. रोखून धरा." हे वाक्य दिवसातून कितीदा तोंडातून जातं याचा हिशोब नव्हता, पण आज 'घ्या' म्हणताना तिचा आवाज चिरकला, आणि 'रोखून धरा' म्हणून तिनं स्वतःचाही श्वास धरला. टेबल आत सरकत गेलं. काचेपलीकडे अण्णांचे पायच दिसत होते, मोजे काढलेले, टाचांना भेगा. "सोडा," ती म्हणाली. अण्णा आतूनच ओरडले, "आणखी धरू का? माझी तयारी हाय." आणि त्यानंतर ते इतकं खोकले की तिला धावत आत जावं लागलं होतं. उठून बसल्यावर त्यांनी आधी मशीनच्या त्या मोठ्या कड्यावर टिचकी मारून बघितली. आवाजावरून पत्रा कसला आहे ते त्यांना कळे. सगळा जन्म त्यांचा ओझरच्या विमानाच्या कारखान्यात गेला होता. पंखांचे पत्रे जोडणारे रिव्हेट मारायचं काम.

आणि आता हा बाण. त्याच्याकडे बघता बघता तिला कारखान्यातला टॉर्च आठवला. तिनं तो कधी पाहिला नव्हता, अण्णा घरी येऊन सांगत त्यावरून तो तिच्या डोळ्यांपुढे तयार झालेला होता. अण्णा आणि त्यांचा जोडीदार दिवसभर एका पंखावर काम करायचे, आणि संपलं की इन्स्पेक्टर यायचा, हातात बारीक टॉर्च, एकही शब्द न बोलता रिव्हेटच्या ओळीवरून उजेड सरकवत जायचा. "उजेड चालतोय तवर आपण सुखी," अण्णा सांगत. "थांबला की पोटात गोळा. मग तो खिशातून लाल खडू काढतो का नुसताच नाक पुसतो, तेवढं बघायचं." ते हसत हसत सांगत, आई भाकरी थापता थापता ऐकत असे, आणि लहानग्या उज्वलाला मात्र त्या रात्री स्वप्नात अंधार दिसायचा आणि अंधारात कुणाचा तरी उजेड आपल्या अंगावरून सरकत येतोय असं वाटायचं. कॉलनीवरून विमान चाचणीला उडालं की ती दप्तर टाकून अंगणात यायची. हे अण्णांचं तर नसेल? आणि त्यातला एखादा रिव्हेट? आवाज लांब जाऊन परत येईपर्यंत ती जागची हलत नसे. आई म्हणायची, कार्टीला कसली काळजी लागते देव जाणे. कधी काही झालं नाही. पण काही झालं नाही म्हणून तिची ती सवय गेली नाही. लग्नानंतर मनोजला यायला उशीर झाला की गॅलरी, मुलाला ताप आला की उशाशी थर्मामीटर. मनोज म्हणायचा, तुला आधीच घाबरून ठेवायची हौस आहे. आधी घाबरून ठेवलं की मग खरंच काही आलं तर ते थोडं जुनं झालेलं असतं, असं तिला वाटत आलं होतं. ते खोटं होतं. हे आत्ता समोर आलेलं अजिबात जुनं नव्हतं.

बाण हलला. वर, डावीकडे, जिथं छोटी छोटी चिन्हं एका ओळीत होती तिकडे निघाला. तिला ती ओळ पाठ होती. पहिलं चिन्ह फोटो मोठा करायचं, दुसरं उजेड कमी-जास्त करायचं, तिसरं पट्टीचं. काही मोजायचं असेल तरच पट्टी घ्यायची. काही नसतं तेव्हा मोजत नाहीत. पहिलं, ती मनात म्हणाली, नाहीतर दुसरं. बाण तिसऱ्यावर जाऊन बसला. मग तो परत त्या जागी आला, अण्णांच्या उजव्या फुप्फुसात, वरच्या बाजूला, जिथं काळ्यात एक पांढरट डाग होता आणि डागाच्या कडांना बारीक केसासारखे तंतू. डागाच्या एका काठाला त्यानं टोक टेकवलं. पिवळा ठिपका उमटला. ठिपक्यातून रेघ निघाली, बाणाबरोबर लांबत लांबत पलीकडच्या काठाकडे सरकू लागली. आता दुसरा ठिपका पडला की शेजारी आकडा येणार.

उज्वला खुर्चीतून उठली की वाकली हे तिला नंतर नीट सांगता आलं नसतं. तिचा हात कॉम्प्युटरच्या मागे गेला. तिथं ती निळी वायर होती, फोनच्या पिनेपेक्षा जराशी मोठी पिन, तिला प्लास्टिकची जीभ. जीभ दाबली. वायर हातात आली.

रेघ तशीच राहिली. एक टोक अण्णांच्या छातीत रोवलेलं, दुसरं बाणाला बांधलेलं, आणि बाण मेलेला. खोलीत फक्त मशीनच्या पंख्याचा आवाज होता. तिला एकदम हलकं वाटलं, परीक्षेचा पेपर पुढे ढकलल्याची बातमी यावी तसं, आणि पाठोपाठ घाम फुटला. हे काय केलं आपण? ती वायर हातात धरून उभी राहिली. आता माउसला हात लावणंही अशक्य होतं. लावला तर रेघ तिच्या हाताबरोबर हलली असती.

फोन वाजला.

"उज्वला, गेलं का गं कनेक्शन?" सर. मागे कुठंतरी कुकरची शिट्टी.

"हो सर. लाईन गेली वाटतं."

"मॉडेमचे दिवे बघ. बंद करून चालू कर एकदा."

"करते सर."

सर फोन ठेवतील असं तिला वाटलं. पण ते आवाज खाली आणून म्हणाले, "हे शेजवळ कुणाचे पेशंट आहेत? ओझरच्या डॉक्टरांचे ना? बरोबर कुणी नातेवाईक आहे का त्यांच्या?"

हा प्रश्न तिनं याआधीही ऐकला होता. सर तो रोज विचारत नसत. मूतखडा असला, सायनस असलं, कुठं हाड तडकलेलं असलं, तर कोण बरोबर आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसे.

"आहे सर," ती म्हणाली. "मुलगी आहे."

"मग तिला थांबवून ठेव. पेशंटला आत्ताच काही बोलू नको. लाईन आली की मी पूर्ण बघतो, आणि तिच्याशी मीच बोलतो फोनवर."

"हो सर."

"शहाणी आहे का मुलगी? घाबरट असेल तर घरातल्या कुणा पुरुषमाणसाला—"

"शहाणी आहे सर," उज्वला म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती खाली बसली. मुलीला थांबवून ठेव. मुलगी थांबलेलीच होती. मनोजला फोन करावा का? तो सातपूरला, कंपनीत, मशीनवर असेल, फोन साहेबाच्या टेबलावर. आणि त्याला सांगायचं काय? आकडा तर तिनं येऊच दिला नव्हता. कदाचित जुना डाग असेल, टीबीचा, लहानपणीचा, भरून आलेला. अशा कितीतरी छात्या तिनं पाहिल्या होत्या. पण ते तंतू. जुन्या डागाला असे तंतू नसतात. नसतात का? तिला नक्की माहीत नव्हतं. जेवढं माहीत होतं तेवढं भीतीला पुरेसं होतं आणि धीराला कमी पडत होतं. आईला कोण सांगणार? आई दुपारची ओट्यापाशी रेडिओ लावून बसली असेल. अण्णा परत गेले की ती विचारेल, काय निघालं, आणि अण्णा म्हणतील, काही नाही, सावली होती, आणि हसतील. आणि उज्वला शेजारी उभी असेल आणि तिला सगळं माहीत असेल. मग पुढे महिनोन्महिने ती आईकडे बघेल, अण्णांकडे बघेल, आणि त्यांना कळू नये म्हणून तोंडावरची रेष न् रेष आवळून धरेल. श्वास घ्या, रोखून धरा. सोडा असं कुणी म्हणायचंच नाही.

दार उघडलं. अण्णा.

"काय गं? पल्लवी म्हणते लाईन गेली."

"हो अण्णा. तुम्ही बाहेर बसा. येईल आत्ता."

"येईल कशी? बघावी लागंल ना." ते आत आलेच. बिघाड म्हटलं की त्यांना बसवत नसे. कॉलनीत कुणाचा पंखा, कुणाचा कुकर, निवृत्त झाल्यापासून तर दिवसभर तेच. "कुठून येते ती वायर? तो डबा काय, त्याच्यात?"

"अण्णा, राहू द्या. मी कंपनीला फोन करते."

पण अण्णा वाकले होते. मॉडेमपासून त्यांनी निळी वायर बोटांत घेतली आणि ती चाचपत, टेबलाच्या कडेनं, मागच्या बाजूनं, खोकला दाबत दाबत आले, आणि वायर संपली ती उज्वलाच्या मुठीत.

तिनं मूठ उघडली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

अण्णांनी पिन घेतली, चष्मा वर सारला आणि डोळ्यांजवळ धरून ती फिरवून बघितली. प्लास्टिकच्या जिभेवर अंगठा ठेवून दाबली, सोडली. जीभ शाबूत होती, टणकन परत आली.

"ही आपोआप निघत नाय," ते म्हणाले.

अण्णांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते पडद्याकडे बघत होते. पहिल्यांदाच बघत होते ते. बाहेरच्या बाकावर असेपर्यंत छातीचा फोटो म्हणजे त्यांच्या मनात एक्स-रेसारखा काहीतरी असणार, बरगड्या वगैरे. इथं तर काळे दोन आंबे कापून ठेवल्यासारखं होतं.

"हे माझं?"

"हो."

"ही पिवळी रेघ कुणी मारली?"

"सरांनी. घरून मारतात ते. त्यांना तिकडे हाच पडदा दिसतो. बाण दोघांनाही हलवता येतो."

"अर्धीच?"

तिनं मान हलवली आणि मान हलवता हलवता डोळ्यांत आलं ते गिळायचा प्रयत्न केला. खिडकीबाहेर ट्रकचा हॉर्न वाजत राहिला. द्वारकेचा सिग्नल सुटला असावा. अण्णांचा हात तिच्या डोक्यावर आला, जरासा टेकला, आणि लगेच काढूनही घेतला, कारण लाड करायची त्यांना सवय नव्हती.

"उज्जे, माणूस तिकडं खोळंबलाय," ते म्हणाले. "अर्धं काम ठेवून बसलाय तो. लाव ही."

"माझ्यानं नाही होत, अण्णा."

"बरं."

मग ते स्वतःच वाकले. भोक त्यांना लगेच सापडलं. बारीक 'कट्' असा आवाज झाला. मॉडेमवरचा दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लागला आणि स्थिर झाला. अण्णांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं.

"तुम्ही बाहेर थांबा ना," ती म्हणाली. "सर म्हणालेत, पेशंटला—"

"पेशंट मीच ना? मग मी बसतो. मला कुठं काय कळतंय त्यातलं."

काही वेळ काहीच झालं नाही. दोघं शेजारी शेजारी बसून त्या अर्ध्या रेघेकडे बघत राहिले. उज्वलाला वाटत होतं की अण्णांचा श्वास आपल्याला ऐकू येतोय, आणि त्यात ती शिट्टीसारखी बारीक किणकिण. ती आधीपासूनच होती का? दिवाळीत होती? गणपतीत? मग बाण थरथरला.

"आला," अण्णा म्हणाले.

रेघ पलीकडच्या काठाला जाऊन टेकली. आकडा उमटला. उज्वलानं तो वाचला, आणि अण्णांनीही वाचला, कारण रिव्हेटची मापं वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात तेवढं अंतर धरलं आणि ते आपल्या शर्टावर, उजव्या बाजूला वर, लावून बघितलं.

फोन वाजला. उज्वलानं उचलला आणि सर काही बोलायच्या आत म्हणाली, "सर, शेजवळ माझे वडील आहेत. मी सांगायला हवं होतं. ते इथंच बसलेत, माझ्याजवळ. सगळं बघतायत."

पडद्यावर बाण आकड्याशेजारी उभा होता आणि अजिबात हलत नव्हता, थरथरतही नव्हता. सरांनी माउसवरून हात उचलला होता. पहिल्यांदाच तिला बाणावरून काही कळेना.

"स्पीकर आहे का फोनला?" सर शेवटी म्हणाले.

तिनं बटण दाबलं.

"नमस्कार, अण्णा," सर म्हणाले. उज्वला त्यांना अण्णा म्हणते हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. वयस्कर माणसाला तसं म्हणायची त्यांची पद्धतच असेल. "मी डॉक्टर मुळे. इथं एक गाठ आहे, बाण आहे तिथं. ती कसली, हे मी नुसतं बघून नाही सांगू शकत. सुईनं तुकडा काढून तपासावा लागेल."

"वाईट असंल?"

"असू शकेल. मला काळजी वाटतेय, खोटं कशाला बोलू."

अण्णांनी मान डोलावली, जणू सरांना ती दिसत होती. मग त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, हा बाण मला हलवता येतो का? उज्वला म्हणते दोघांना येतो."

"येतो की. घ्या तुम्ही. मी हात काढलाय."

उज्वलानं माउस त्यांच्याकडे सरकवला. अण्णांनी तो भाकरीवर पंजा ठेवावा तसा अख्खा हात पसरून धरला. बाण आधी भलतीकडे पळाला, पडद्याच्या काठाला आपटला, मग त्यांनी त्याला हळूहळू, खेचत खेचत परत आणलं. गाठीपासून दूर, दुसऱ्या बाजूला नेऊन थांबवलं.

"हे काय?"

"ते डावं फुप्फुस. चांगलं आहे."

"आणि हे?"

"रक्तवाहिनी आहे. मोठी. चांगली आहे."

"हे पांढरं?"

"हाड. पाठीचा मणका. तोही चांगला आहे, अण्णा."

बाण चालत होता. थांबत होता, विचारत होता, पुढे जात होता. सर तिकडून प्रत्येक वेळी तितक्याच सावकाशीनं सांगत होते, हे चांगलं आहे, हे पण. कुकर केव्हाचा बंद झाला होता. बाहेर आणखी पेशंट आले असावेत. पल्लवीनं दार किलकिलं करून बघितलं आणि न बोलता लावून घेतलं. उज्वला ऐकत होती. अण्णांच्या छातीत इतक्या गोष्टी असतील असं तिला, रोज छात्या बघूनही, कधी वाटलं नव्हतं. भीती गेली नव्हती. ती तिथंच होती, उजव्या बाजूला वर, पण तिच्याभोवती आता जागा दिसत होती, मोठी, काळी, हवेनं भरलेली, आणि त्या जागेत अण्णा आपले फिरत होते.

ती गाठ वाईटच निघाली. पुढचे महिने रुग्णालयाच्या जिन्यांवर गेले. मुंबईला फुप्फुसाचा वरचा भाग काढला, औषधांनी अण्णांचे केस गेले, ते मफलर डोक्यालाच गुंडाळू लागले, आणि त्या सगळ्यातून ते बाहेर आले. आवाज बसका झाला, चढ चढवेना, पण कॉलनीतले पंखे ते पुन्हा दुरुस्त करू लागले. लवकर सापडली म्हणून, असं मुंबईचे डॉक्टर म्हणाले. त्या दुपारी यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. त्या दुपारी अण्णांनी शेवटी माउस सोडला, तळहात शर्टाला पुसला, सरांना नमस्कार सांगितला आणि उठून बाहेर गेले.

उज्वला त्यांच्यामागे धावली. ते पल्लवीच्या टेबलाशी उभे होते आणि टेबलावरच्या फोनवरून ओझरचा नंबर फिरवत होते. तिनं हात पुढे केला, "अण्णा, आईला मी सांगते. घरी येऊन सांगते, असं फोनवर नका." त्यांनी तिचा हात नुसता बाजूला केला. पलीकडे फोन उचलला गेला. आईचा आवाज तिला ऐकू येत नव्हता, अण्णांच्या कानाशी बारीक कुरकुर तेवढी होत होती.

"हां, मी बोलतोय," अण्णा म्हणाले. "झालं. गाठ हाय छातीत. आता सुई घालून बघायची." ते थांबले. "नाय, नाय, खोटं कशाला सांगू? मी स्वतः बघितली. उज्जीनं बघितली. डॉक्टर पण होते." कुरकुर वाढली, तुटली. अण्णांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "रडायचं ते आत्ता रडून घे. आम्ही येईस्तोवर आवर. आम्ही म्हणजे ती पण येतेय माझ्यासंगं. भाकरी जास्तीच्या टाक."

उज्वलानं पल्लवीकडे बघितलं. बाकावर बसलेल्या पेशंटांकडे बघितलं. मग ती आत गेली, पर्स घेतली, आणि अण्णांचा मफलर हुकावरून काढला.